चेहरा नसलेलं चित्र : छायाकृती म्हणजे काय आणि लेखक ती कशासाठी वापरतात

पंढरपूरच्या विठ्ठलाचं एखादं चित्र घ्या आणि मुकुटापासून विटेपर्यंत ते सबंध काळ्या रंगाने भरून टाका. डोळे गेले, तुळशीची माळ गेली, कानातली कुंडलं गेली, पीतांबराचा रंग गेला. तरी आपल्याकडचं शाळकरी पोरसुद्धा क्षणात सांगेल, हा विठोबा! कशावरून? कमरेवर ठेवलेल्या हातांवरून. दोन्ही कोपरं बाहेर आलेली, आणि हात व धड यांच्यामध्ये उरलेल्या दोन तिकोनी फटी. त्या फटीही काळ्या करून टाकल्या तर मात्र उरतो नुसता खांब. तुकोबांनी ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ असं म्हणताना आधी उभं राहणं आणि हातांची ठेवण सांगितली, हार-पीतांबर-कुंडलं नंतर. डोळाही याच क्रमाने बघतो.

अशा सबंध काळ्या, आतले तपशील नसलेल्या, फक्त कडेवरून ओळखू येणाऱ्या आकृतीला मराठीत छायाकृती म्हणतात. फोटोग्राफर आणि सिनेमावाले सर्रास ‘सिलुएट’ म्हणतात.

छायाकृती आणि सावली यांत पुष्कळदा गल्लत होते, ती आधी सोडवू. सावली दुसऱ्या कशावर तरी पडते: भिंतीवर, जमिनीवर, पाण्यावर. सूर्य कलला की ती लांबते, जमीन खडबडीत असली की वाकडीतिकडी होते. तिचा आकार वस्तूवर जेवढा अवलंबून, तेवढाच दिव्याच्या जागेवर आणि ती ज्यावर पडते त्या पृष्ठभागावर. छायाकृतीत मात्र आपण खुद्द वस्तूकडेच बघत असतो. तिच्या मागे लख्ख उजेड आहे आणि आपल्याकडच्या बाजूवर तो पोचत नाही, म्हणून ती काळी दिसते. संध्याकाळी माळावर उभी असलेली बाभूळ घ्या. जमिनीवर पसरली ती तिची सावली, आभाळावर उमटली ती तिची छायाकृती. कागदाच्या कातरकामात आणि बाहुल्यांच्या खेळात या दोन्ही एकमेकींत मिसळतात, कारण तिथे सावलीवरूनच छायाकृती तयार होते. पण कथा-कविता वाचताना हा फरक ध्यानात असला की लेखकाने काय साधलंय ते पटकन कळतं.

डोळ्याला कड पुरते, ती का?

आतलं सगळं पुसून टाकल्यावरही आकृती ओळखता येते याचं कारण आपल्या मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. १९५८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन शास्त्रज्ञ मांजराच्या मेंदूतली एकेक पेशी काय पाहून जागी होते ते तपासत होते. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका काढून तो ते पडद्यावर दाखवत. पेशी काही दाद देईना. मग एकदा पट्टी यंत्रात सरकवताना पेशी एकदम खडखडाट करू लागली. ठिपक्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. काचेच्या पट्टीच्या कडेची फिकट रेघ पडद्यावरून एका विशिष्ट कोनात सरकली होती, आणि पेशीला हवी होती ती रेघच. पुढे त्यांनी दाखवून दिलं की मेंदूच्या दृष्टिविभागात अशा असंख्य पेशी आहेत, कुणी उभ्या कडेला जागी होणारी, कुणी आडव्या, कुणी तिरप्या. १९८१ साली त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. उजेड आणि अंधार जिथे भेटतात ती सीमा शोधणं हे डोळ्याचं अगदी पहिल्या पायरीचं काम आहे, आणि छायाकृती म्हणजे फक्त ती सीमा.

त्यातही सगळी सीमा सारख्या महत्त्वाची नसते. फ्रेड अ‍ॅटनीव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली झोपलेल्या मांजराचं एक रेखाचित्र घेतलं, कड जिथे जिथे जास्तीत जास्त वळते असे ३८ बिंदू निवडले आणि ते नुसत्या सरळ रेघांनी जोडले. एकही वळणदार रेघ नाही, तरी मांजर ते मांजरच दिसतं. कानाचं टोक, पाठीचा उतार जिथे बदलतो ती जागा, पंजाचं वळण: माहिती भरलेली असते ती अशा वळणांवर. सरळ जाणारा भाग डोळा स्वतःच भरून काढतो. विठोबाची कोपरं ही अशीच वळणं आहेत.

म्हणून समोरून पाहिलेला चेहरा छायाकृतीत निकामी ठरतो. त्याचा नुसता लंबगोल उरतो, कुणाचाही असू शकेल असा. तोच चेहरा बाजूने पाहिला की कपाळ, नाक, ओठ, हनुवटी अशी वळणांची रांगच मिळते. महाराष्ट्रात निम्म्या गाड्यांच्या मागच्या काचेवर शिवाजी महाराजांची आकृती असते ती बाजूनेच असते. जिरेटोप, नाक आणि दाढी एवढ्या तीन वळणांत महाराज उभे राहतात. बाबासाहेबांची आकृती मात्र पूर्णाकृती लागते, कारण तिथली ओळख वर केलेल्या हातात आणि पुढे रोखलेल्या बोटात आहे. पक्षिनिरीक्षकांचं निम्मं काम तर याच्यावरच चालतं. दुपारच्या आभाळात उडणाऱ्या शिकारी पक्ष्याचा रंग दिसतच नाही. शेपटीच्या टोकाला खाच असली तर ती आपली नेहमीची घार, आणि शेपटी गोलसर असली तर ब्राह्मणी घार.

छायाकृती काय सांगत नाही, हेही इथेच पाहून घेऊ. ती खोली सांगत नाही. नोबुयुकी कायाहारा या जपानी कलाकाराने २००३ साली गोल गोल फिरणाऱ्या नर्तकीची एक काळी आकृती तयार केली. ती काहींना घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसते, काहींना उलट, आणि बघता बघता दिशा बदलतेही. तिचा वर उचललेला पाय आपल्याकडे आहे की पलीकडे, हे ठरवायला आकृतीत काहीच नसल्यामुळे मेंदू आपल्या मनाने ठरवतो. माणूस आपल्याकडे येतोय की पाठ फिरवून निघालाय, हे छायाकृतीवरून कळत नाही. कादंबरीकारांना ही गोष्ट प्रयोगशाळांच्या फार आधीपासून ठाऊक होती.

नाव एका अर्थमंत्र्याचं

एतिएन द सिलुएत हा फ्रान्समधल्या लिमोज गावी १७०९ साली जन्मलेला गृहस्थ. मार्च १७५९ मध्ये पंधराव्या लुईने त्याला खजिन्याचा कारभारी नेमलं, म्हणजे आजच्या भाषेत अर्थमंत्री. सप्तवार्षिक युद्ध चालू होतं आणि तिजोरीत खडखडाट होता. त्याने कर बसवायचा ठरवला तो श्रीमंतीच्या दिसणाऱ्या खुणांवर: दारं, खिडक्या, नोकरचाकर, चैनीच्या वस्तू. सोन्याचांदीची ताटवाट्या वितळवून टाकसाळीत द्यायलाही सांगितलं. उमराव बिथरले आणि नोव्हेंबर उजाडला तसं त्याचं पद गेलं. पण तेवढ्या महिन्यांत पॅरिसमध्ये काटकसरीच्या, रोडावलेल्या, कमीत कमीत भागवलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘आ ला सिलुएत’, म्हणजे सिलुएतछाप, म्हणायची टूम निघाली. खिसे नसलेल्या विजारी सिलुएतछाप, साध्या लाकडाच्या तपकिरीच्या डब्या सिलुएतछाप. रंग, तैलचित्रकार, महिनोन्‌महिने बसून राहणं हे सगळं टाळून, दिव्यापुढे बसवून सावली गिरवली आणि काळ्या कागदातून कापली की झालं, अशा स्वस्त चित्रांनाही तेच नाव चिकटलं. दुसरी एक कथा अशी की पदावरून गेल्यावर हा माणूस ब्री-सुर-मार्नच्या आपल्या वाड्यात स्वतःच अशी चित्रं काढून भिंती सजवायचा. दोन्हींतलं खरं काय हे कोशकारांनी उघडंच ठेवलंय. मला पहिलीच जास्त पटते, कारण टिंगलीतून आलेली नावंच भाषेत अशी घट्ट बसतात.

कला मात्र त्याच्या कित्येक शतकं आधीची आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, कोरिंथ शहरात बुटाडीस नावाचा कुंभार होता. त्याच्या मुलीचा प्रियकर परदेशी निघाला, तेव्हा दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेली त्याच्या चेहऱ्याची सावली तिने रेघेने गिरवून घेतली. बापाने त्या रेघेत माती भरली आणि भाजली. मातीत चेहरे घडवण्याची कला अशी सुरू झाली असं प्लिनी म्हणतो. ही दंतकथाच असणार. पण छायाकृतीचं काम ती अगदी नेमकं सांगते: माणूस निघून चाललाय, त्याचं जे हाती धरून ठेवता येईल ते ठेवायचं.

कात्री, खुर्ची आणि एक धोकादायक कल्पना

अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपात आणि अमेरिकेत ही चित्रं घराघरांत पोचली. काहींनी त्यासाठी यंत्रं काढली. फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील याच्या संग्रहालयात असं एक यंत्र होतं. चेहऱ्याच्या कडेवरून एक दांडी फिरवली की दुसऱ्या टोकाला छोट्या आकारात तीच रेघ उमटे. मग ती कात्रीने कापायची. कापायचं काम करत होता मोझेस विल्यम्स. तो जन्मापासून पीलच्याच घरचा गुलाम होता आणि १८०२ साली मुक्त झाला. एका चित्राला आठ सेंट पडत. कागद घडी घालून कापल्यामुळे एका बैठकीत अनेक प्रती निघत. त्याने हजारो चेहरे कापले आणि त्या कमाईतून स्वतःचं घर घेतलं. त्या चित्रांवर उमटवलेला शिक्का मात्र ‘म्यूझियम’ एवढाच आहे. शहरातल्या प्रतिष्ठितांची नाकं-हनुवट्या आज ज्याच्या कात्रीमुळे शिल्लक आहेत, त्याचं नाव शिक्क्यात नव्हतं.

ऑग्युस्त एदुआर हा फ्रेंच कलावंत यंत्राचा तिटकारा करणारा. तो नजरेने बघून सरळ कात्री चालवायचा. इंग्लंडात तोवर या चित्रांना ‘शेड’ म्हणत. ‘सिलुएट’ हा शब्द इंग्रजीत रुजवण्यात याच्या आग्रहाचा मोठा वाटा आहे, कारण आपल्या कामाला बाजारू नाव नको अशी त्याची इच्छा होती. टिंगलीतून जन्मलेला शब्द प्रतिष्ठेसाठी उचलला गेला! प्रत्येक चित्राची दुसरी प्रत तो नाव-तारीख घालून आपल्या वहीत ठेवायचा. १८४९ साली अमेरिकेहून परतताना गर्न्सी बेटाजवळ जहाज फुटलं आणि त्या वह्यांतल्या बहुतेक बुडाल्या. त्यानंतर त्याने या कामासाठी कात्री हातात घेतली नाही. तोवर फोटोग्राफी येऊन दहा वर्षं झाली होती, धंदाही बसलाच होता.

या सगळ्या हौसेला एक काळी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. झुरिचचा पाद्री योहान कास्पर लाव्हाटर याने १७७५ ते १७७८ या काळात चार जाडजूड खंड काढले. त्याचा दावा होता की चेहऱ्याच्या ठेवणीवरून माणसाचं शील आणि बुद्धी वाचता येते. छायाकृती त्याला त्यासाठी सर्वांत विश्वासू पुरावा वाटे, कारण तीत हसू नाही, नजर नाही, फसवं काही नाही, फक्त हाडाची ठेवण. डोकं हलू नये म्हणून त्याने खास खुर्चीही बनवून घेतली होती. ग्योटिंगेनचा भौतिकशास्त्रज्ञ लिष्टेनबेर्ग याने त्याच्यावर कडाडून टीका केली. लिष्टेनबेर्गच्या पाठीला कुबड होतं. आकृतीवरून माणूस तोलायचा झाला तर निकाल काय लागतो, हे त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढच्या शतकात कवटीच्या आणि चेहऱ्याच्या रेघांवरून वंशांची उतरंड लावणाऱ्यांनी हीच वाट पुढे नेली. कारा वॉकर ही अमेरिकी कलावंत १९९४ पासून काळ्या कागदाच्या माणसाएवढ्या आकृत्या भिंतीवर चिकटवते. विषय गुलामगिरीचा काळ, आणि आकृत्या सगळ्याच काळ्या, मालकही आणि गुलामही. तरी बघणारा नाक, ओठ, केस यांच्या कडेवरून लगेच ठरवतो की कोण कोणत्या वंशाचा. कागदाने काहीच सांगितलेलं नसतं, ठरवलेलं असतं बघणाऱ्याने. लाव्हाटरला याहून नेमकं उत्तर कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

पानावरची छायाकृती

साहित्यात ही गोष्ट दोन रूपांत येते. कधी खरोखरीची वस्तू म्हणून, कागदाचा तुकडा म्हणून. कधी वर्णनाची रीत म्हणून.

वस्तू म्हणून तिचा सर्वांत हृद्य वापर ग्योथेच्या १७७४ सालच्या ‘तरुण वेर्थरची दुःखं’ या कादंबरीत आहे. वेर्थर चित्रकार आहे आणि लोटेवर त्याचा जीव जडलाय, पण तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं आहे. तो तिचं चित्र काढायला तीनदा बसतो आणि तीनदा फसतो. शेवटी तिची छायाकृती करतो आणि म्हणतो, आता एवढ्यावरच समाधान. नीट बघितलं तर सगळी कादंबरी या एका कृतीत आहे. चित्र काढायचं तर तिचे डोळे, तिचा भाव, तिचं मन रंगवावं लागतं, आणि ते त्याचं नाही. तिची बाहेरची कड तेवढी त्याला मिळू शकते. शेवटच्या पत्रात तो ती छायाकृती तिलाच परत देऊन टाकतो आणि तिच्यावर आपण हजारदा ओठ टेकल्याचं सांगतो. अशा छायाकृती भिंतीवर टांगणं तेव्हा घरोघरी चालत होतं, म्हणून त्या काळच्या वाचकाला हे अलंकारिक वाटलंच नसणार. त्याच्या स्वतःच्या भिंतीवर तसलीच एक आकृती असायची.

वर्णनाची रीत म्हणून छायाकृतीचं पहिलं काम रहस्य. आर्थर कॉनन डॉयलच्या ‘बास्करव्हिलचा हाउंड’ मध्ये गुप्तहेर शेरलॉक होम्सचा मित्र वॉटसन इंग्लंडातल्या डार्टमूरच्या ओसाड माळावर रात्री एका खडकाच्या शिखराकडे बघतो. मागे चंद्र आहे आणि त्याच्यावर एक माणूस उभा आहे, उंच, सडपातळ, शिसवी पुतळ्यासारखा काळा. क्षणात तो नाहीसा होतो. पुढची कित्येक पानं वाचक त्या माणसाच्या मागे लागतो. तो होम्सच निघतो. डॉयलने इथे खोटं काहीच सांगितलेलं नाही. उंची खरी, सडपातळपणा खरा, उभं राहण्याची ढबही खरी. फक्त चेहरा दिलेला नाही. रहस्यकथेत लेखकाने वाचकाशी प्रामाणिक राहायचं आणि तरी त्याला चकवायचं असतं, आणि त्यासाठी छायाकृतीइतकं चोख साधन दुसरं नाही. १९०३ सालच्या ‘रिकाम्या घराचं रहस्य’ या कथेत त्याने तेच उलटं वापरलं. बेकर स्ट्रीटच्या खिडकीच्या पडद्यावर होम्सची आकृती दिसते, आणि समोरच्या रिकाम्या घरात खुद्द होम्स वॉटसनच्या शेजारी उभा राहून ती बघतोय. आत मेणाचा अर्धपुतळा आहे आणि मिसेस हडसन दर पाव तासाने, आपली सावली पडद्यावर पडू नये म्हणून गुडघ्यांवर रांगत जाऊन, तो थोडा वळवते आहे. मारेकरी त्या कडेवर विश्वास ठेवून गोळी झाडतो. एकदा वाचक फसतो, एकदा खुनी, आणि दोन्ही वेळा कारण एकच: कड दिसली की आतला माणूस आपण गृहीत धरतो.

दुसरं काम लहानाला मोठं करण्याचं. विला कॅथर या अमेरिकी लेखिकेची ‘माय अँटोनिया’ ही १९१८ सालची कादंबरी नेब्रास्काच्या गवताळ मैदानावर युरोपातून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांची आहे. त्यात एका संध्याकाळी तरुण मंडळी टेकाडावर बसलेली असतात. दूरच्या शेतात कुणीतरी नांगर उभा सोडून गेलंय. सूर्य नेमका त्याच्यामागे टेकतो आणि लाल बिंबात तो नांगर जसाच्या तसा काळा उमटतो, मुठी, दांडा, फाळ सगळं. क्षणभर तो अवाढव्य दिसतो. सूर्य बुडतो आणि नांगर पुन्हा आपल्या चिमुकलेपणात जातो. कॅथरने तिथे शेतकऱ्यांच्या कष्टांवर एक वाक्य लिहिलेलं नाही. ज्यांनी ते मैदान फोडून शेत केलं त्यांचं अवजार तिने सूर्यावर लिहून दाखवलं आणि गोष्ट पुढे नेली.

या दृश्यात कवीकल्पना किती आणि भूमिती किती, हे तपासता येतं. सूर्याचं बिंब आपल्या डोळ्याशी सुमारे अर्ध्या अंशाचा कोन करतं. दोन मीटर लांबीची वस्तू तेवढ्याच कोनात मावायला आपण तिच्यापासून सुमारे २३० मीटरवर असायला हवं. म्हणजे दोन-तीन शेतं पलीकडचा नांगर सूर्यात बरोब्बर मावतो. मोठा दिसतो तो एवढ्यासाठी की सूर्य प्रचंड आहे हे आपण जाणतो, आणि सूर्याएवढी दिसणारी वस्तू आपोआप प्रचंड वाटते.

मराठीत छायाकृतीचं नाव न घेता तिचं तंत्र सर्वांत बारकाईने वापरलेलं मला बालकवींच्या ‘औदुंबर’ मध्ये दिसतं. आठ ओळींची कविता, पाठ्यपुस्तकामुळे पिढ्यान्‌पिढ्यांना तोंडपाठ. शेवटच्या दोन ओळींत औदुंबर म्हणजे कोण, विरक्त योगी की उदास कवी की नुसतं झाड, यावर मराठी समीक्षेत भरपूर शाई खर्ची पडली आहे. त्या वादाच्या आधी कवितेतले रंग मोजावेत असं मला वाटतं. सुरुवातीला हिरवाळी आणि निळासावळा झरा. मग शेतमळ्यांची हिरवी गर्दी. मग पांढरी पायवाट. ती पायवाट हिरव्या कुरणांमधून जाते आणि पोचते काळ्या डोहाकडे. इथे रंग संपतात. पुढे येतो तो ‘गोड काळिमा’, आणि मग शेवटची ओळ: ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’.

या औदुंबराला कवीने पान दिलेलं नाही, फळ दिलेलं नाही, हिरवा रंगही दिलेला नाही, आणि ज्या कवितेत हिरवा शब्द पुन्हा पुन्हा येतो त्या कवितेत हे सहज घडलेलं नसणार. त्याला मिळालंय ते फक्त बसणं आणि पाण्यात सोडलेले पाय. विठोबाच्या चित्रात जसं उभं राहणं आणि कोपरं उरली, तसं इथे बसणं आणि पाय उरले. आतला तपशील नाही म्हणूनच योगी म्हणणाऱ्याला त्यात योगी दिसतो आणि कवी म्हणणाऱ्याला कवी. कायाहाराची नर्तकी दोन्ही दिशांना फिरते, त्यातलाच हा प्रकार. फांद्यांवरची उंबरं आणि पाखरं मोजून सांगितली असती, तर झाड अधिक स्पष्ट झालं असतं आणि वाद मिटला असता. कविताही तिथेच मिटली असती.

उलट उदाहरणंही पुष्कळ सापडतात. संध्याकाळ झाली की क्षितिजावर ‘झाडांच्या काळ्या आकृत्या’ उभ्या करून प्रकरण संपवणं ही कथालेखनातली रुळलेली सवय आहे. त्या आकृत्या कुणाच्या, त्यांच्या कडेत कोणतं वळण आहे, त्यांचं काय लपलेलं आहे, यातलं काहीच नसेल तर ती ओळ नुसती वेळ सांगते. ‘माडांच्या रांगेत एकाचाच शेंडा मोडलेला होता’ एवढं लिहिलं तरी लगेच एक गाव उभं राहतं, कारण आता कडेला वळण आलं.

पडद्यावर

बाहुल्यांच्या खेळात ही कला भारतात फार जुनी आहे. ओडिशातली रावणछाया आणि केरळातलं तोलपावकूत्तू यांच्या बाहुल्या उजेड आरपार न जाऊ देणाऱ्या चामड्याच्या, त्यामुळे पडद्यावर अस्सल काळी आकृती येते. आंध्रातल्या बाहुल्या पातळ आणि रंगवलेल्या, म्हणून तिथे रंगीत छाया पडतात. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही जपला आहे, आणि तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कामासाठी पद्मश्री जाहीर झाली. बाहुली पडद्याला चिकटवून धरली की कड धारदार येते, दिव्याकडे मागे ओढली की आकृती मोठी होते आणि कडा विरघळतात. ज्योत हा बिंदू नसून तिला स्वतःची रुंदी असते, म्हणून कडेपाशी अर्धवट उजेडाची पट्टी तयार होते आणि बाहुली मागे जाईल तशी ती पट्टी रुंदावत जाते. राक्षस अंगावर येतोय असं दाखवायला एवढं पुरतं.

लोटे रायनिगर या जर्मन बाईने १९२६ साली काळ्या पुठ्ठ्याच्या आकृत्या काचेवर मांडून, खालून उजेड देऊन, अरबी कथांवरचा ‘प्रिन्स आखमेद’ हा चित्रपट पुरा केला. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट तो हाच. चेहऱ्यावर भाव दाखवायची सोयच नसल्यामुळे तिने सगळा अभिनय मनगटांत, मानेत आणि पाठीच्या वाकण्यात आणला.

आपल्याकडे गुरुदत्तच्या ‘प्यासा’ (१९५७) मधला तो प्रवेश बघा. मेलेला समजून कवीचा स्मृतिदिन साजरा होतोय, सभागृह भरलंय, आणि दारात तोच कवी दोन्ही हात चौकटीला लावून उभा आहे. उजेड त्याच्या मागून येतोय. चेहरा दिसत नाही, तरी प्रेक्षक त्याला ओळखतात. सभेतल्या लोकांना तो जिवंत नको आहे, आणि कॅमेऱ्यानेही त्याला धड जिवंत माणसासारखं दाखवलेलं नाही. दिग्दर्शकाला काय म्हणायचं आहे ते उजेडाच्या जागेनेच सांगून टाकलं.

घरच्या घरी करून बघायचं तर मोबाइल पुरतो, फक्त आताचे मोबाइल याला आडवे येतात. मागे उजेड आणि पुढे काळोख दिसला की आतली प्रणाली ती चूक समजते, दोन-तीन फोटो एकत्र करून चेहरा उजळवते आणि ना धड चेहरा ना धड आकृती अशी राखाडी गत होते. या करामतीला एचडीआर म्हणतात. सेटिंगमध्ये ते बंद करायची सोय असली तर बंद करायचं. सूर्य क्षितिजाला टेकू द्यायचा, पडद्यावर माणसाऐवजी आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरायचं, आणि शेजारी उजेड कमी-जास्त करायची खूण येते ती थोडी खाली ओढायची. ज्याचा फोटो काढायचा त्याला बाजूने उभं करा, हात अंगापासून सुटे ठेवायला सांगा, आणि कॅमेरा खाली धरा म्हणजे सबंध आकृती आभाळावर येईल, अर्धी झाडीत बुडणार नाही. दोघं असतील तर मध्ये फट ठेवा. माणूस सूर्याच्या बिंबात मावावा अशी हौस असेल तर त्याच्यापासून दोनशे मीटर मागे जा आणि झूम चांगला असलेला कॅमेरा वापरा. पण अशा लेन्समधून थेट सूर्याकडे डोळा लावू नका, फोटो पडद्यावर बघूनच काढा.